ऐकू येत असल्याचा दाखला

लातूर,
९ जून २०२५

ती. केरबामामांस,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, व्हॉट्सॲपला तुम्ही हात लावत नाही, म्हणून पेन शोधण्यापासून तयारी करून लिहायला बसले आहे. काम आहे म्हणून लिहिते, हे आधीच कबूल करते, म्हणजे तुमचा पहिला टोमणा वाया जाईल.

आमच्या शिशुगृहात समीक्षा नावाची साडेचार वर्षांची मुलगी आहे. अकरा महिन्यांची असताना बसस्टँडच्या बाकावर सापडली होती. जन्मापासून बहिरी. एक वर्षाची असताना तपासणी केली, दोन्ही कानांनी काहीच येत नाही असं निघालं. आपल्याकडची दोन जोडपी येऊन बघून गेली. मागून टाळ्या वाजवल्या, पोरगी वळली नाही, तशी दोन्ही जोडपी चहा पिऊन निघून गेली. आता इटलीतलं एक जोडपं तिला दत्तक घ्यायला तयार आहे. माउरो सुतारकाम करतो, एलेना शाळेत शिकवते. दोघंही जन्मापासून बहिरे, आणि त्यांनी मागणीच बहिऱ्या लेकराची केली होती. दोनदा व्हिडिओ कॉल झाला. तुमचा जुना विद्यार्थी सिद्धराम, आता औशात शिंपीकाम करतो, तो मदतीला आला होता. तिघं हातांनी असे बोलत होते की त्या खोलीत मीच परकी झाले. जी पोरगी एका जागी दोन मिनिटं बसत नाही, ती पाऊण तास पडद्यासमोरून हलली नाही.

घोडं बालकल्याण समितीपाशी अडलं आहे. अध्यक्ष म्हणतात, आई-बाप दोघंही बहिरे, लेकरू रडलं तर त्यांना कळणार कसं? जाणकाराचं मत आणा म्हणे. तुम्ही चौतीस वर्षं मूकबधिर शाळेत काढली, तुमचा शब्द अजून चालतो. "हरकत नाही" अशा दोन ओळी लिहून पाठवा. दोनच.

तुमची,
पंचशीला


नांदेड,
१४ जून २०२५

चि. पंचशीलास,
जय भीम.

दोन ओळी म्हणे! मी काय शिक्का मारणारा कारकून वाटलो का तुला? आणि मला ऐकू येत नाही हे कुणी सांगितलं? थोडं कमी येतं. एकाहत्तर वय आहे. तुम्ही आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलता, तो माझा दोष नव्हे.

आता तुझ्या इटलीकडं येतो. बहिऱ्यांनी बहिरं लेकरू मागितलं, वा रे वा! घरात तिघं आणि आवाज एकाचाही नाही. त्या पोरीच्या तोंडून जन्मात एक शब्द निघणार नाही, आणि तू कौतुक करून राहिलीस. हातवारे म्हणजे भाषा नव्हे गं, माकडचेष्टा आहेत त्या. माझ्या शाळेत हात हलला की पट्टी बसायची. हात मांडीखाली ठेवायचे आणि ओठ बघायचे. माझी पोरं ओठ वाचून "नमस्कार" म्हणायची तेव्हा पाहुणे डोळ्याला रुमाल लावायचे. सिद्धरामचं कौतुक तर मला सांगूच नको. सहा वर्षं त्याच्या गळ्यावर हात ठेवून "पाणी" म्हणायला शिकवलं, गडी शेवटपर्यंत "आ"च्या पुढं गेला नाही. लई ठोंब्या. शिंपीच होणार होता, झाला.

आणि एक वर्षाच्या लेकराची मशीनवर तपासणी! लेकरू झोपलेलं, तपासणारा जांभया देत बसलेला, चार तारा लावल्या की झाला निकाल. माझा मशीनवर काडीचा भरवसा नाही. मी शुक्रवारी, वीस तारखेला, सकाळच्या गाडीनं येतो. माझं ताट आणि पळी घेऊन येतो. लेकराच्या मागं उभं राहून ताट वाजवायचं आणि मान वळते का बघायचं, एवढीच परीक्षा मी शेकडो पोरांची घेतली. ताटानं मला कधी दगा दिला नाही.

येताना तुझ्यासाठी काही आणणार नाही.

केरबामामा


लातूर,
२ जुलै २०२५

ती. मामांस,
जय भीम.

दोन ओळी मागितल्या होत्या. तुम्ही चार पानं लिहिलीत आणि मला न दाखवता परस्पर समितीला नेऊन दिलीत. "मुलीस ऐकू येते. पाच वेळा ताट वाजविले असता चार वेळा वळली. यंत्र व वाचाशिक्षण दिल्यास ती बोलेल. तिला बहिऱ्या परदेशी जोडप्याच्या हाती देणे म्हणजे चांगल्या मुलीला जन्माची मुकी करणे होय." व्याकरण उत्तम आहे, अभिनंदन.

अध्यक्षांना हेच हवं होतं. कागद वाचताना त्यांचा चेहरा असा काही फुलला, जसं काही त्यांनाच मुलगी झाली! इटलीची फाईल बाजूला ठेवली. समीक्षाची नोंद बदलून "किंचित कमी ऐकू येणारी" अशी झाली, आणि आता ती देशातल्या जोडप्यांच्या यादीत वर गेली आहे. मी उभी राहून भांडले, पुन्हा मशीनवर तपासा म्हटलं. "तुमच्या मामांच्या अनुभवापेक्षा मशीन मोठं का?" असं मलाच ऐकवलं.

मामा, तीन-साडेतीन वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. दार आपटलं तरी वळत नाही, फटाक्यांना दचकत नाही. तुमच्याच ताटाला ती कशी वळली, हे मला कळत नाही. तुम्हाला ते मला विचारावंसंही वाटलं नाही.

एलेनाला मी काय लिहू? तिनं मुलीसाठी रंगवलेल्या खोलीचा फोटो पाठवला आहे.

पंचशीला


नांदेड,
८ जुलै २०२५

चि. पंचशीलास,
जय भीम.

तू चिडलीस, बरं झालं. चिडलेला माणूस निदान पत्राला उत्तर तरी देतो.

पोरगी भारी हुशार आहे. तिची माझ्याकडं पाठ, मी दहा पावलं मागं, आणि ठोका मारताच वळली! समोर दारात तुझी ती आया उभी होती, गुणाबाई. पदर सारखा डोक्यावर घेऊन राहिली होती आणि डोळ्यात पाणी. लेकराला ऐकू येतं याचा आनंद त्या अडाणी बाईच्या तोंडावर दिसत होता. तू मात्र पदवी घेऊन, खुर्चीत बसून, तीन वर्षांत काही बघितलं नाहीस. गुणाबाईकडून शीक थोडं.

खोली रंगवली म्हणतेस, तर रंगवू दे. भाड्यानं देतील.

आता एखादं शहाणंसुरतं बोलणारं जोडपं त्या लेकराला मिळेल आणि दहा वर्षांनी ती तुला "पंचशीलामावशी" म्हणून हाक मारेल. तेव्हा माझी आठवण काढ, मी नसेन तरी.

केरबामामा


नांदेड,
११ सप्टेंबर २०२५

चि. पंचशीलास,
जय भीम.

दोन महिने उत्तर नाही. समीक्षा माझ्याच नांदेडात येऊन राहिली आणि मला ते परक्यांकडून कळावं! एवढा राग बरा नव्हे, मायबाई.

रविवारी श्रीमंतराव आणि त्यांच्या पत्नी शिल्पाबाई आपण होऊन घरी आले. मोबाईलचं दुकान आहे त्यांचं. माझ्या दाखल्याची प्रत घेऊन आले होते, माझ्या सहीवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हाच ओळखलं कोण ते. काय माणसं गं! अर्धा तास बोलले. मी ओठ वाचत होतो, चौतीस वर्षं तेच शिकवलं. "तुमच्यामुळं" हा शब्द तर किती वेळा आला असेल! श्रीमंतरावांचा चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, बोलणं आवरत नव्हतं. शिल्पाबाई ओढणीत तोंड घालून रडत होत्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले, म्हटलं, अहो आभार कसले मानता, कर्तव्य केलं मी. तर गडी एवढा भारावला की चहा न घेताच ताडकन उठून निघाला. सूनबाई दारात तोंडाला हात लावून उभी होती. सासऱ्याचा मान तिनं बिचारीनं पहिल्यांदाच पाहिला.

समीक्षा बाहेर गाडीत होती, काचेला नाक लावून. मी हात हलवला. तिनं नाही हलवला. ओळखलं नसेल.

आता तरी एक ओळ लिही की, "मामा, तुमचं बरोबर होतं." एकच मागतो, दोन नाही.

केरबामामा


लातूर,
१७ सप्टेंबर २०२५

मामा,

ते आभार मानायला आले नव्हते.

वहिनीचा मला त्याच संध्याकाळी फोन आला. श्रीमंतनं तुमच्या बैठकीत उभं राहून तुम्हाला लबाड म्हटलं, थेरडा म्हटलं, आणि पुढचं जे म्हटलं ते माझ्याच्यानं कागदावर लिहवत नाही. "तुमच्यामुळं" हा शब्द मात्र तुम्ही बरोबर वाचलात. तुमच्यामुळं आम्ही फसलो, तुमच्यामुळं हे बहिरं पोर आमच्या गळ्यात पडलं, असं चाललं होतं. आणि तुम्ही त्याचे हात धरून आभार परत केलेत. वहिनी म्हणाली, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तुमचं पत्र लिहून व्हायच्या आधीच, नेल्यापासून अकराव्या दिवशी, त्यांनी समीक्षाला परत आणून सोडलं. मिक्सर बदलून घ्यायला यावं तसे आले. फाईल, झेरॉक्स, तुमच्या सहीखाली लाल रेघ. हाका मारून मारून थकलो म्हणे. शिल्पाबाई गाडीतून उतरल्यासुद्धा नाहीत. असल्या माणसांना लेकरू कशाला हवं होतं, काय माहीत. त्यांच्या दुकानात फोन परत घेताना यापेक्षा जास्त विचारपूस करत असतील.

तीन दिवस तिनं पायातली नवी सँडल काढू दिली नाही. कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन फाटकाशी बसायची. का नेलं, का परत आणलं, हे तिला सांगायला आमच्यापैकी कुणाकडं भाषाच नाही. सकाळी ऑफिसात येते, बंद कॉम्प्युटरसमोर उभी राहते आणि त्या काळ्या पडद्याला हात करून दाखवते. एलेना दिसेल म्हणून.

आणि आता ताटाचं. परवा गुणाबाई माझ्यापुढं मटकन खाली बसली. "ताई, म्या शिकिवलं तिला," म्हणाली. "दोन जोडपी आली अन् टाळ्या वाजवून गेली. लेकरू वळंना, म्हणून त्याला घर मिळंना. मंग म्या समोर उभी राहू लागले. म्या पदर डोक्यावर घेतला की तिनं मागं वळायचं, अन् वळली की गूळ-शेंगदाणे. मामासाहेबांनी ताट वाजवलं की म्या पदर घेतला. पाचव्या बारीला पदर दाराच्या कडीत अडकला अन् तेवढी एक चुकली."

चार वेळा वळली, पाचव्यांदा नाही. तुमचा अहवाल आकड्यानिशी बरोबर आहे. चौतीस वर्षांचा अनुभव तुमचा, आणि परीक्षा घेतली गुणाबाईनं.

पंचशीला


नांदेड,
२३ सप्टेंबर २०२५

पंचशीला,

त्या बाईला आजच्या आज काढून टाक. सरळसरळ फसवणूक आहे ही. मी समितीला लिहून राहिलो की शिशुगृहातल्या आयेनं लेकराला खुणा शिकवून तज्ज्ञाची दिशाभूल केली. माझं नाव यात खराब होणार नाही. चार जिल्ह्यांत लोक मला गुरुजी म्हणतात, आणि एक गूळ-शेंगदाणेवाली मला खेळवून गेली! तुझ्या नाकाखाली हे चाललं होतं, आणि टोमणे मला मारतेस? तुझी ती खुर्ची तरी तुला शोभते का?

आणि सूनबाईनं तुला फोन केला! या घरात माझ्या पाठीमागं काय काय चालतं. पाठीमागं कशाला, माझ्या तोंडासमोर चालतं. जेवताना मुलगा बोलतो, सून बोलते, नातू बोलतो, सगळे हसतात. मीपण हसतो. कशाला हसलो ते मला माहीत नसतं. हे तुला कामून लिहिलं कोण जाणे. खोडलं असतं, पण पान खराब होतं.

तिला काढून टाक आणि तसं कळव.

केरबा


लातूर,
२९ सप्टेंबर २०२५

मामा,

लिहा. गुणाबाईचं नाव खुशाल लिहा. एकटी बाई आहे, नोकरी जाईल, वर गुन्हा दाखल होईल, आणि तुमचं नाव स्वच्छ राहील. समीक्षाचं काय होईल तेवढं ऐका. चौकशी लागली की ती संपेपर्यंत तिला कुणालाच देता येणार नाही. वर्ष जाईल, दोन जातील. एलेना-माउरोची मंजुरी डिसेंबरअखेर संपते. अजून ते थांबलेत. दर आठवड्याला विचारतात, मुलगी जेवते का.

आणि चौकशी लागली नाही, तर तुमचा दाखला तसाच राहील. मग "किंचित कमी ऐकू येणारी" म्हणून ती पुन्हा कुणाकडं तरी जाईल, आणि पुन्हा फाटकाशी येऊन बसेल. माझ्या सांगण्याला समिती विचारत नाही, पुन्हा तपासणीची माझी तीन पत्रं पडून आहेत. उपयोगाचा कागद एकच आहे, तो तुमच्याच हातचा. दिलेला दाखला बिनशर्त मागं घेतल्याचा.

एक विचारते. त्या दिवशी ताट वाजलेलं तुम्हाला ऐकू आलं होतं का? मला उत्तर नको. तुम्हालाच हवं असेल तर बघा.

पंचशीला


नांदेड,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. पंचशीलास,
जय भीम.

समितीला दिलेल्या अर्जाची नक्कल खाली उतरवून देतो. मूळ कागद स्वतः जाऊन दिला. तुझ्या फाटकावरूनच गेलो, आत आलो नाही.

"मी, केरबा ग्यानोबा सोनकांबळे, निवृत्त मुख्याध्यापक, लिहून देतो की, वीस जून रोजी मी कु. समीक्षा हिची जी परीक्षा घेतली ती रद्द समजावी. गेली सहा वर्षे मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. ही गोष्ट मी समितीपासून लपविली व घरच्यांपासूनही लपवू पाहिली. ताट वाजविले तेव्हा त्याचा आवाज मला आला नाही. पळीचा धक्का हाताला बसला, त्यावरून वाजले असे धरले. बहिऱ्या माणसाने घेतलेल्या ऐकण्याच्या परीक्षेला किंमत नसते. मुलगी पूर्ण बहिरी आहे, मशीनचा पहिला अहवाल खरा आहे, हवे तर पुन्हा तपासावे. या चुकीत शिशुगृहातील कोणाही कर्मचाऱ्याचा दोष नाही. लेकरू रडले तर बहिऱ्या आई-बापांना कळेल कसे, असे समितीने विचारले होते. ज्यांना ऐकू येत होते, त्यांच्याकडे ते अकरा दिवस होते. तरी त्यांना काहीच कळले नाही."

अध्यक्ष वाचून काहीतरी बोलले. मला कळलं नाही. पुन्हा बोलले. ओठ बघितले, पण त्यांच्या मिशाच एवढ्या की आत तोंड आहे की नाही शंका यावी. शेवटी चिठ्ठीवर लिहून दिलं, "हे तुम्ही राजीखुशीनं लिहिलं का?" खोलीतले सगळे माझ्याकडं बघत होते. मी हो म्हटलं. फार मोठ्यानं म्हटलं असणार, कारण शिपाई दचकला. एकानं दुसऱ्याकडं बघून कसं तोंड केलं ते मला दिसलं. असं तोंड मीपण लई वेळा केलेलं आहे.

गुणाबाईला सांग, माझ्या शाळेत असती तर तिला शिक्षिका केली असती. नको, सांगू नको, डोक्यावर बसेल.

केरबामामा


लातूर,
५ मार्च २०२६

ती. केरबामामांस,
सप्रेम जय भीम.

समीक्षा काल गेली.

पुन्हा तपासणी झाली, नोंद दुरुस्त झाली, मंजुरीची मुदत वाढली, मग हा कागद, तो कागद. प्रत्येक टेबलावर एक तरी शहाणा भेटलाच, "बहिऱ्यांना मूल सांभाळता येतं का हो?" असं विचारणारा. मी सगळ्यांना तुमच्या अर्जाची झेरॉक्स वाटली. तुम्हाला विचारलं नाही, रागवायचं तर रागवा.

ऑक्टोबरपासून सिद्धराम दर रविवारी औशाहून येऊन तिला खुणा शिकवत होता. एक पैसा घेतला नाही त्यानं. एलेना आणि माउरो आले त्या दिवशी समीक्षानं त्यांना जेवू दिलं, खेळू दिलं, आणि मग एलेनाला विचारलं. हो मामा, विचारलं, स्वतःच्या हातांनी. "परत आणून सोडणार?" एलेनानं नुसती मान हलवली नाही. खाली बसली, तिला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ सांगत राहिली. घर, खोली, शाळा, म्हातारी झाल्यावर कोण कुणाला सांभाळणार इथपर्यंत. सिद्धराम मला सगळं वहीत लिहून सांगत होता, तो अर्ध्यावरच थांबला, रडत होता. गुणाबाई तर आधीपासूनच रडत होती. पोरगी मात्र रडली नाही. तिला आणखी विचारायचं होतं.

तुमच्या अर्जाचं भाषांतर त्यांच्या फाईलमध्ये होतं. निघण्याआधी एलेनानं त्या कागदावर बोट ठेवून विचारलं, हा माणूस कोण? मी वहीत लिहिलं, माझे मामा. मग तिनं सिद्धरामकडं वळून हातांनी विचारलं, "हा आमच्यातला आहे का?" सिद्धरामनं तेवढंच वहीत लिहून माझ्यापुढं धरलं. मी हो म्हणून मान हलवली.

तुमच्या वतीनं उत्तर दिलं. बरोबर केलं की नाही, ते कळवा.

तुमची,
पंचशीला


नांदेड,
११ मार्च २०२६

चि. पंचशीलास,
जय भीम.

पत्र पोचलं. झेरॉक्स वाटल्याबद्दल तुला बोलायचं होतं, ते पुढं कधीतरी.

उत्तर बरोबर दिलंस. त्या बाईला कळव, हाव, मी त्यांच्यातलाच. चौतीस वर्षं त्यांच्यात राहिलो आणि त्यांच्यातल्या एकाशीही कधी बोललो नाही, हे मात्र कळवू नको.

केरबामामा